तिसऱ्या रिंगेआधी फोन उचलायचा नाही

आमच्या गावात फोन करणाऱ्या परगावच्या माणसाचा पहिल्यांदा पारा चढतो. रिंग वाजत राहते आणि तिसरी वाजल्याशिवाय पलीकडून कोणी उचलतच नाही. माझ्या लेकीच्या सासरच्यांचा तर सुरुवातीला असा समज झाला होता, की मुलीकडचे असून आम्ही भाव खातो. आता हातातल्या मोबाइलवर नाव दिसतं, फोटोसुद्धा दिसतो, तरी आमच्या वयाची माणसं फोन वाजला की तो हातात धरून तिसऱ्या रिंगेची वाट बघत बसतात. नातवंडं हसतात. ही खोड आम्हाला एका माणसानं लावली. तो माणूस आमच्या गावात आला नसता तर माझ्या कपाळावर आज कुंकू असतं की नाही, हे मला सांगता येत नाही.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. पुणतांब्याच्या अलीकडं गोदावरीच्या काठी आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला टेलिफोन एक्स्चेंज. मी तिथं ऑपरेटर होते. आधी बोर्डापुढं बसून, कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे नंबर जोडून द्यायचे. मग आपोआप नंबर लावणारं नवं यंत्र आलं, बोर्ड गेला आणि मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. त्याच सुमाराला साहेब बदलून आले. एक्स्चेंजचा सगळा कारभार त्यांच्याकडं.

उंच, सडपातळ माणूस. शर्टाची गळ्याची गुंडी सदा लावलेली आणि पँटच्या उजव्या पायाला सायकलची चिमटी. ती चिमटी ते ऑफिसातही काढत नसत, त्यामुळं हा माणूस आता उठून जाणार असं समोरच्याला सारखं वाटायचं. कुठंही शिरताना उंबऱ्यात थांबून आधी हवा हुंगायचे. घाम, शेण, तंबाखू, बोंबील यांच्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. डिझेलचा वास आला की मात्र चेहरा असा व्हायचा, की मला वाटायचं आता हे परत फिरतात.

साहेब जामखेडकडचे, बौद्ध घरातले. गावात खोली बघायला निघाले तेव्हा नाव-गाव विचारून झालं आणि रिकाम्या खोल्या एकाएकी भरल्या. त्यांनी वाद घातला नाही. एक्स्चेंजच्या मागं सामानाची खोली होती, तिथं खाट टाकली, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि स्टोव्हवर स्वतःचं स्वतः शिजवायला लागले. बायको-मुलं शाळेसाठी नगरला होती. गावाला वाटलं, साहेब बदलीच्या खटपटीला लागतील. साहेबांनी छपरावर चढून चुना मारायला घेतला.

त्याचं असं झालं. नव्या यंत्राबरोबर एक भला मोठा एसी आला होता. साहेबांनी यंत्राचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि जाहीर केलं, की हे यंत्र आपल्याच हवेत चालायला बनवलंय, त्याला गारवा नको, सावली पाहिजे. एसी खोक्यातच राहिला. साहेब त्या खोक्यावर बसून जेवायचे. छपराला पांढराशुभ्र चुना लागला, त्यावर मांडव झाला आणि मांडवावर दुधी भोपळ्याचा वेल चढला. ऐन उन्हाळ्यात बाहेर डोकं तापायचं आणि आमचं यंत्र आत सुखानं टिकटिकत असायचं. वेलाला दुधी इतके लागले, की फोन बंद असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती साहेब एक दुधी ठेवायचे. फोन कधी चालू होईल ते सांगता येत नसे, पण माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये असा त्यांचा दंडक होता. पुढं पुढं काही बायका फोन चालू असतानाही तक्रार घेऊन यायला लागल्या.

वीज गेली की एक्स्चेंज बॅटऱ्यांवर चालायचं आणि बॅटऱ्या उतरल्या की जनरेटर. आधीचे साहेब वीज गेल्या गेल्या जनरेटर लावायचे, म्हणजे निदान कागदावर तरी लावायचे. या साहेबांनी बॅटऱ्यांची अशी काही निगा राखायला घेतली, की गोठ्यातल्या गाभण गाईची कोणी राखत नसेल. सकाळी उठून त्या पुसायच्या, पाणी बघायचं, तोंडाशी साचलेली पांढरी भुकटी सोड्याच्या पाण्यानं धुवायची. वीज गेली तरी बॅटऱ्या पुरायच्या. जनरेटर आठवड्यातून एकदा, गंज चढू नये म्हणून, घटकाभर फिरवायचा. तेवढ्या वेळापुरते साहेब नाकाला रुमाल लावून रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहायचे.

उरलेलं डिझेल ते पत्र लिहून नगरच्या ऑफिसला परत करायचे. आता सरकारी खात्यात डिझेल कमी पडल्याची पत्रं रोज येतात, त्यांना काय उत्तर द्यायचं ते कारकुनांना पाठ असतं. डिझेल परत करणाऱ्या पत्राला काय उत्तर द्यायचं, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यातून पुढं जे व्हायचं ते झालंच, पण ते नंतर.

हल्ली मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती येतात, आम्ही आमचा इतका कार्बन कमी केला आणि गिऱ्हाइकांचा इतका. नातू मला वाचून दाखवतो आणि मला हसू येतं. साहेब कार्बन म्हणत नसत, धूर म्हणत. त्यांच्या हिशेबी टेलिफोन खात्याचे धूर दोन. एक खात्याचा स्वतःचा, जनरेटरचा आणि जीपचा. दुसरा गिऱ्हाइकाचा. "बाई, आपला धूर कमी करणं ही आपली शिस्त झाली," ते मला म्हणायचे. "गिऱ्हाइकाचा धूर कमी करणं हा आपला धंदा आहे. फोन आणखी कशासाठी असतो?"

हा धंदा ते एसटी स्टँडवर जाऊन करायचे. सायकल लावून गाडीची वाट बघणाऱ्या माणसापाशी जायचे आणि विचारायचे, कुठं निघालात, कशाला निघालात, आणि हे काम फोननं होईल का? गुलाबाची शेती करणारा एक जण रोज सकाळी मोपेडवरून शिर्डीला जायचा, उद्या किती हार लागणार ते दुकानदाराला विचारायला. घरी यायचा, फुलं तोडायचा आणि संध्याकाळी पुन्हा शिर्डी. साहेबांनी त्याची सकाळची फेरी बंद केली. त्याला इतका आनंद झाला, की तो साहेबांना हार घालायला मोपेडवरून पेट्रोल जाळत एक्स्चेंजवर आला, आणि त्याबद्दल बोलणी खाऊन गेला. पण एकदा साहेबांनी मुलासाठी मुलगी बघायला निघालेल्या पाव्हण्यांना अडवून हाच प्रश्न विचारला. त्यांतला म्हातारा काठी उगारून उठला. साहेब ऑफिसात येऊन म्हणाले, "सगळीच कामं फोननं होत नाहीत, बाई. हे मान्य केलं पाहिजे."

त्यांचा जाचही कमी नव्हता. लाइनमननं जीप मागायची नाही, सायकलवर जायचं. एका रस्त्यावरच्या सगळ्या तक्रारी साठल्या की त्या रस्त्याला एकदाच जायचं. म्हणजे एखाद्या रस्त्यावर एकट्याचाच फोन बिघडला, तर त्या बिचाऱ्यानं दुसऱ्या कोणाचा तरी बिघडू दे अशी देवाला प्रार्थना करायची. बँकेच्या मॅनेजरचा फोन असाच मुका पडून राहिला आणि मी टेबलावर बसून त्यांच्या शिव्या ऐकल्या. साहेबांनी मॅनेजरना दोन दुधी पाठवले.

आता माझ्या घरचं सांगते. आमची वस्ती गावापासून लांब, मळ्यात. घरात सासूबाई, आमचे हे आणि दोन मुलं. ह्यांनी पेरूची नवी बाग लावली होती. रोपं गुडघ्याएवढी, उन्हाळा पहिला. विहिरीवर विजेची मोटर होती, पण मोटर चालायला तिन्ही फेज लागतात आणि त्या दिवसातून कधी येतील त्याचा नेम नसायचा. घरात बल्ब पेटलेला असायचा आणि मोटर मात्र ढिम्म. शेतकरी दिवसात दहादा विहिरीवर जाऊन बटण दाबून बघायचे, कोणी मोपेडवर, कोणी पायी. बटण दाबून दाबून कंटाळलेली माणसं मग डिझेल इंजिनाकडं वळायची. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, की वरचं इंजिन पाणी ओढत नाही, म्हणून ते दोर लावून विहिरीत खाली उतरवायचं, आतल्या टप्प्यावर ठेवायचं आणि खाली जाऊन चालू करायचं. आमचे हेही तेच करायचे. सगळेच करायचे.

एके दिवशी दुपारी मी डबा उघडला आणि साहेब दारातच थांबले. हवा हुंगली. मला म्हणाले, "बाई, तुमच्या डब्याला डिझेलचा वास येतोय."

मी ओशाळले. सकाळी ह्यांनीच डबा भरून दिला होता, हात नीट धुतले नसतील. तसं सांगितलं. साहेबांनी विचारलं, इंजिन कुठं असतं. मी म्हटलं, विहिरीत. वर आहे की आत, असं त्यांनी पुन्हा विचारलं. आत, म्हटलं. साहेब मागच्या खोलीत गेले आणि त्या दिवशी जेवायला बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, नेहमीचं वेड.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला भिंतीवरच्या पॅनेलपुढं उभं केलं. एक्स्चेंजला तिन्ही फेजची वीज होती आणि पॅनेलवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे. तिन्ही पेटले म्हणजे मळ्यांतल्या मोटरी चालणार. "हे आपल्याला खुर्चीत बसून दिसतं," साहेब म्हणाले, "आणि ज्यांना दिसायला पाहिजे ते उन्हात हिंडतात." तिथंच ठरलं. तिन्ही दिवे लागले, की मी मळ्यांतल्या एकेका फोनला दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. कोणी उचलायचं नाही, उठून मोटर चालू करायची. तिसरी रिंग वाजली, तर समजायचं की कोणी माणूस बोलायला बोलावतोय, मग उचलायचं. हे सांगायला साहेब स्वतः सायकलवरून वस्ती-वस्तीवर हिंडले. सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपी, म्हणजे मळ्यांचा ट्रान्सफॉर्मर, उडू नये म्हणून एकेका बाजूच्या रिंगा थांबून थांबून द्यायच्या, हेही त्यांनीच बसवून दिलं.

आमच्या वस्तीवर ते आले तेव्हा मी घरीच होते. सासूबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं ते गड्यांसाठी ठेवलेल्या पेल्यातून. साहेबांनी पेल्याकडं बघितलं, पाणी प्यायले आणि ह्यांना रिंगांचं समजावून सांगितलं. जाताना विहिरीवर जाऊन आत डोकावून आले.

महिनाभरात गाव त्या दोन रिंगांवर चालायला लागलं. विहिरीतली इंजिनं एकेक करून वर निघाली. मोपेडींच्या फेऱ्या थांबल्या. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीला सांगून ठेवायचे, दोन वाजल्या की हाळी दे. आमच्या ह्यांनीही इंजिन वर काढलं, पण ते विहिरीच्या काठालाच ठेवलं, दोर-कप्पीसकट. ह्यांचा विश्वास जरा उशिरा बसतो. लग्नानंतर मी बरा स्वयंपाक करते हे मान्य करायलाही ह्यांना दोन-तीन वर्षं लागली होती.

तिकडं नगरला, डिझेल परत करणाऱ्या पत्रांवरून कोणीतरी निष्कर्ष काढला, की हे एक्स्चेंज बहुधा बंदच असतं. मोठे साहेब चौकशीला निघाले. निघण्याआधी खात्री करावी म्हणून त्यांनी नगरहून आमच्या गावचे फोन लावून बघितले. हुशार माणूस. एकेक नंबर लावला, दोन रिंगा होईपर्यंत वाट बघितली, कोणी उचलत नाही असं बघून ठेवला आणि पुढचा लावला. कोणीच उचललं नाही. एक्स्चेंज बंद असल्याची त्यांची खात्री पटली आणि ते जीपमध्ये बसले.

इकडं भर दुपारी मळ्या-मळ्यांतून माणसं उठून विहिरीवर गेली. बटणं दाबली. मोटर ढिम्म. पुन्हा दाबली. असं कधी झालं नव्हतं. वाट बघून बघून तापलेली सगळी मंडळी एक्स्चेंजवर चालून आली, आणि त्याच वेळी मोठ्या साहेबांची जीप दारात लागली. आमचे साहेब बाहेर आले ते आधी ड्रायव्हरकडं गेले, त्याला इंजिन बंद करायला लावलं आणि मग मोठ्या साहेबांना नमस्कार केला.

मोठे साहेब म्हणाले, तुमच्या गावात एकही फोन चालत नाही. गर्दीतला एक पैलवान गडी पुढं आला आणि म्हणाला, "चालत कसा न्हाई? माझ्याकडं मघाशीच दोन रिंगा वाजल्या. समद्यांकडं वाजल्या. फोन चालतोय, लाइट कुठं हाय ते सांगा."

मग सगळा उलगडा झाला. एक्स्चेंज चालू असल्याची इतकी साक्ष कोणत्या चौकशीत कधी मिळाली नसेल. मोठ्या साहेबांनी यंत्र बघितलं, बॅटऱ्या बघितल्या, एसीच्या खोक्यावर बसून चहा घेतला. माणूस वाईट नव्हता. पण रिंगांचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. खात्याच्या यंत्रावरून, खात्याच्या माणसानं, ज्याचं बिल होत नाही असा फोन रोज सगळ्यांना करायचा, यात खात्याचा फायदा काय, असं त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक जिवंत असलं तरच बिल भरतं, साहेब," आमचे साहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांना ते उद्धट उत्तर वाटलं. मलाही त्या वेळी तसंच वाटलं. एक्स्चेंजमधून अशा रिंगा देऊ नयेत, असा लेखी हुकूम त्यांनी तिथंच लिहून टेबलावर ठेवला आणि दोन दुधी घेऊन गेले.

रिंगा थांबल्या. साहेब हुकूम मोडणाऱ्यांतले नव्हते. दोन-तीन दिवस गेले, ऊन कडक, वीज कधी येते कधी जाते त्याचा पत्ता नाही. आमच्या पेरूच्या रोपांनी माना टाकल्या. एका सकाळी मी कामावर निघाले तेव्हा हे दोर-कप्पी जोडत होते. मी एक्स्चेंजवर पोचले आणि सहज बोलून गेले, की आमच्याकडं आज इंजिन पुन्हा विहिरीत उतरतंय.

साहेब बॅटऱ्या पुसत होते. हातातलं फडकं तिथंच टाकलं. "बाई, पॅनेलवर लक्ष असू द्या," एवढंच म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं, आणि ते इतक्यांदा सांगितलं, की आता मला ते डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. साहेब पोचले तेव्हा इंजिन खाली टप्प्यावर बसवून गडी माघारी गेले होते आणि हे पायरीवर पाऊल ठेवत होते. साहेबांनी काठावर बूट काढले, ह्यांना बाजूला सारलं आणि स्वतः विहिरीत उतरले. खाली जाऊन इंजिनावर बसले, चिमटी लावलेला पाय पुढं पसरून.

हे वरून म्हणाले, "साहेब, वर या. बाग जळून चाललीया माझी."

साहेब म्हणाले, मी इथं बसलोय तोवर तुम्ही इंजिन चालू करणार नाही, एवढं मला माहीत आहे. नंतर साहेब बोलले ते ऑफिसातलं बोलणं सोडून, त्यांच्या गावच्या बोलण्यात.

"आमचा थोरला भाऊ सालगडी हुता. त्याच्या मजुरीवर मी नगरला बोर्डिंगात शिकत हुतो. मालकाचं इंजिन हिरीत हुतं. बंद पडलं म्हून थोरला बघाया उतरला. आत धूर कोंडलेला. त्यो तितंच बसला, उठलाच न्हाई. त्याला काढाया आमचा चुलता उतरला, त्यो बी न्हाई आला."

हे वर काठावर खाली बसले.

"अन् थोरला उतरला त्याच येळंला लाइट आलती," साहेब म्हणाले. "मोटर हुती, लाइट बी आलती. हिरीवर ते सांगाया कुनी न्हवतं."

एक जण वर, एक जण खाली, असे दोघं बसून राहिले. सासूबाई ओसरीवरून हे सगळं बघत होत्या, ऐकत होत्या.

इकडं मी पॅनेलपुढं बसले होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं होतं, की काहीतरी जिवाशी आहे. लाल पेटलेला होता, निळा पेटलेला होता, पिवळा विझलेला. टेबलावर मोठ्या साहेबांचा हुकूम, त्यावर पेपरवेट. दुपार कलायला लागली तेव्हा पिवळा एकदा लुकलुकला, विझला, आणि मग लागला तो लागलाच. मी हुकुमाकडं बघितलं नाही. माझ्याच घरचा नंबर फिरवला. दोन रिंगा दिल्या आणि ठेवला.

वस्तीवर सासूबाई फोनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिसरी वाजते का ते ऐकलं. वाजली नाही. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "दोनच वाजल्या रं."

विहिरीतून साहेबांचा आवाज आला, "दाबा बटण."

ह्यांनी बटण दाबलं आणि मोटर सुरू झाली. पाटात पाणी पडलं. ह्यांनी पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी खाली उतरले आणि साहेबांचा हात धरून त्यांना वर घेऊन आले. संध्याकाळी गडी बोलावून इंजिन बाहेर काढलं, ते पुन्हा कधी आत गेलं नाही. मी घरी आले तेव्हा सासूबाईंनी चुलीपुढं दोन पाट मांडले होते, एक ह्यांचा आणि शेजारी एक साहेबांचा. आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं. साहेब उंबऱ्यात थांबले, सवयीनं हवा हुंगली आणि आत आले. पाणी सासूबाईंनी तांब्या-भांड्यातून दिलं, ह्यांना दिलं तसंच.

हुकूम मात्र साहेबांनी पाळला, शब्दन् शब्द पाळला. एक्स्चेंजमधून रिंगा द्यायच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी पॅनेलसारखेच तीन रंगीत दिवे बाहेरच्या भिंतीवर, दुधीच्या मांडवाखाली लावले. समोरच एसटीडी बूथ होता. बूथवाल्याला खुर्चीतून दिवे दिसायचे आणि रिंगा तो द्यायचा. त्याच्यावर खात्याचा हुकूम चालत नव्हता. मोठे साहेब पुढं एकदा आले, त्यांनी भिंतीवरचे दिवे बघितले, समोरचा बूथ बघितला आणि डोळे मिटून चहा प्यायले. हा माणूस मनानं मोठा निघाला, हे मला इथं सांगितलंच पाहिजे.

साहेबांची बदली सुप्याकडं झाली. तिथल्या कारखान्यांच्या जनरेटरांशी त्यांचं कसं जमलं असेल, याची मला कितीतरी दिवस काळजी वाटायची. निरोपाला गाव स्टँडवर लोटलं होतं. ज्यांच्या खोल्या एकाएकी भरल्या होत्या तेही आले होते. साहेबांनी सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि आमच्या ह्यांना विचारलं, हे सगळे इथं कशाला आलेत, हे काम फोननं झालं नसतं का? हे म्हणाले, "हे न्हाई होत, साहेब." साहेबांना ते पटलं असावं, कारण त्यांनी रुमाल काढला. त्या वेळी डिझेलचा वास होता खरा, पण रुमाल नाकाला लावला नव्हता.

परवा आमच्या ह्यांना सत्तरी पूर्ण झाली. पेरूची ती बाग म्हातारी होऊन गेली, तिच्या जागी दुसरी लावली, तीही जुनी झाली. मोटर आता मोबाइलवरून चालू होते आणि चालू झाली की तसा निरोप येतो. लेकीनं, जावयानं मोठा बेत केला होता. ह्यांना काय हवं ते विचारलं तर म्हणाले, साहेबांना फोन लावा.

साहेब नगरला असतात. फोन त्यांच्या सूनबाईंनी उचलला, अर्थात तिसऱ्या रिंगेला. म्हणाल्या, बाबांना आता ऐकू येत नाही, फोनवर तर मुळीच नाही, तुम्ही मला सांगा, मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगते. मी आमचं गाव सांगितलं, आणि ह्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेही सांगितलं. पलीकडं त्या मोठ्यानं बोलल्याचं ऐकू आलं. मग त्या परत आल्या आणि जरा गोंधळून म्हणाल्या, "बाबा विचारताहेत, इंजिन बाहेरच आहे ना?"

मी खिडकीतून बघितलं. लिंबाखाली ते इंजिन गंजून पडलंय, त्याच्या आडोशाला कोंबडी अंडी घालते. त्याच्यावर एक पाय ठेवून आमचे हे नातवाला काहीतरी दाखवत होते, विहिरीकडं बोट करून.

मी म्हटलं, "बाहेरच आहे म्हणावं. आणि हेही."